बाथचं रोमन स्नानगृह: खरोखर रोमन किती, आणि चिखलातला गरम झरा बांधला कसा?

पायवाट

इंग्लंडमधल्या बाथ शहरातलं रोमन स्नानगृह बघायला एक अख्खा दिवस हाताशी आहे. जाण्याआधी थोडं वाचून घ्यावं म्हटलं, तर जितकं वाचलं तितका गुंता वाढला. फोटोत दिसतं ते एक हिरवं तळं, भोवती खांबांची ओळ, वर गच्चीवर पुतळे, मागे ॲबीचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा, मनोरा. कोणी लिहितं सगळं दोन हजार वर्षांपूर्वीचं, कोणी लिहितं बहुतेक सगळं व्हिक्टोरियन. समोर उभं राहिल्यावर रोमन काम कुठे संपतं आणि नंतरचं कुठे सुरू होतं, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येईल का?

दुसरा प्रश्न पाण्याचा. इंग्लंडमध्ये जागृत ज्वालामुखी नाही, मग ४६ अंशांचं पाणी येतं कुठून? आणि मुख्य म्हणजे, जमिनीतून अखंड उसळणारा झरा, भोवती दलदल, हाताशी पंप नाही, अशा जागी रोमनांनी हौद उभा कसा केला? आपल्या वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांना तानसेच्या काठचा खडक तरी आहे. चिखलात बांधलेली भिंत खचली कशी नाही? बांधकामातलं कळणाऱ्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

घडीव_दगड

ओळखता येतं, आणि खूण सोपी आहे. ग्रेट बाथ म्हणतात त्या मोठ्या हौदाच्या काठावर, पाण्याच्या पातळीला उभे राहा आणि खांबांच्या पायाशी बघा. झिजलेले, कडा बोथट झालेले तळखडे रोमन. त्यांच्यावर जो नीट कडांचा खांब चढतो तो १९ व्या शतकाच्या अखेरचा. म्हणजे फोटोत जे जे भव्य दिसतं, खांब, कठडा, गच्ची, पुतळे, ते जवळजवळ सगळं व्हिक्टोरियन आहे. आणि जे फोटोत दिसत नाही, म्हणजे हौदाचा तळ, पायऱ्या, शिशाचा पत्रा, गटार, ते रोमन आहे. त्यामुळे तुम्ही वाचलेली दोन्ही विधानं अर्धी अर्धी खरी आहेत.

वरून खाली येत जा, म्हणजे काळ उलटा मोजता येईल. गच्ची आणि तिला लागून असलेलं घुमटाचं सभागृह, जिथून आज आत शिरतात, ते जॉन मॅकीन ब्रायडन या वास्तुकाराचं; १८९७ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. गच्चीवरचे पुतळे जॉर्ज अँडरसन लॉसन या शिल्पकाराने १८९४ मध्ये घडवले: ज्युलियस सीझर, काही सम्राट, ब्रिटनचे काही रोमन सुभेदार. बाजूची पंप रूम, म्हणजे झऱ्याचं पाणी प्यायला देतात ती इमारत, १८ व्या शतकाच्या अखेरची. तिच्या खिडक्यांतून खाली दिसणारा किंग्ज बाथ १२ व्या शतकातला, आणि तो थेट रोमनांनी झऱ्याभोवती घातलेल्या हौदाच्या भिंतींवर चढवलेला. त्याच्याही खाली रोमन पातळी. आजच्या रस्त्यापासून ती काही मीटर खोल आहे, कारण रोमन गेल्यावर गटारं तुंबली, एव्हन नदीचा गाळ साचत गेला, छपरं कोसळली आणि त्या ढिगाऱ्यावरच पुढचं शहर उभं राहिलं.

हे सगळं एका खणण्यात सापडलेलं नाही. १७२७ मध्ये स्टॉल स्ट्रीटवर गटार खोदताना सुलिस-मिनर्व्हा देवीचं सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझचं मस्तक वर आलं. १७५५ मध्ये पूर्वेकडच्या स्नानगृहाचा भाग दिसला. १७९० मध्ये पंप रूमचा पाया घेताना देवळाच्या दर्शनी त्रिकोणी माथ्यावरचे कोरीव दगड हाती लागले. त्यातलं मिशाळ, केसांत साप असलेलं तोंड आज संग्रहालयात आहे, त्याच्यासमोर जरूर थांबा. ग्रेट बाथ मात्र अगदी शेवटी सापडला. १८७८ च्या सुमारास किंग्ज बाथमधून पाणी झिरपतंय म्हणून शहराचा अभियंता मेजर चार्ल्स डेव्हिस गळती शोधायला खाली उतरला, आणि गळतीच्या मागे मागे जात ग्रेट बाथपर्यंत पोचला. वरची घरं विकत घेऊन, पाडून मग तो उघडा केला.

छपराबद्दल एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. पहिल्या शतकात ग्रेट बाथवर उतरतं लाकडी छप्पर होतं आणि त्याला १२ साधे खांब पुरत. खाली गरम पाणी, वर लाकूड. रात्रंदिवस वाफ लागल्यावर लाकडाचं जे होतं तेच झालं असणार. दुसऱ्या शतकात ते काढून कमानीचं गोल छत घातलं, हौदापासून साधारण २० मीटर उंच. भरीव दगडाची कमान इतक्या रुंदीवर घातली असती तर तिच्या वजनाने आणि बाहेर ढकलणाऱ्या जोराने खांब फाकले असते. म्हणून कमानीसाठी भाजक्या मातीचे पोकळ डबे वापरले. डबा पोकळ, एका टोकाला किंचित निमुळता, म्हणजे सेंटरिंगवर, कमानीखालच्या तात्पुरत्या आधारावर, एकाला एक लावत गेलं की वळण आपोआप येतं आणि वजनही बरंच कमी. तरीही लाकडापेक्षा भार जास्तच, म्हणून खांबांना जोड देऊन ते जाड करावे लागले. तळाशी नीट बघितलंत तर मूळ खांब आणि नंतरची भर यांच्यामधला सांधा सापडेल. कोसळलेल्या छताचा एक मोठा तुकडा हौदाच्या बाजूला ठेवलेला आहे. त्याच्या कापल्यासारख्या बाजूला चौकोनी पोकळ्यांची रांग दिसते, मधमाशांच्या पोळ्यासारखी. त्या एका तुकड्यावरून अख्ख्या छताची रचना कळली आहे. लोक त्याला पाठ करून तळ्याचे फोटो काढतात, याचं फार वाईट वाटतं.

भूजल_वाचक

पाण्याबद्दल लिहितो. ज्वालामुखीचा इथे संबंध नाही. बाथच्या दक्षिणेला मेंडिप टेकड्या आहेत, चुनखडकाच्या. तिथे पडलेला पाऊस भेगांतून उतरत २,७०० ते ४,३०० मीटर खोल जातो. जमिनीत जितकं खाली जावं तितकं तापमान वाढतं, त्या नियमाने तिथे पाणी ६९ ते ९६ अंश सेल्सियसपर्यंत तापतं. मग वरून येणाऱ्या पाण्याच्या दाबाने ते खडकातल्या भ्रंशांच्या, म्हणजे थर तुटून सरकलेल्या भेगांच्या, वाटेने बाथच्या खाली वर चढतं आणि पृष्ठभागावर येईपर्यंत सुमारे ४६ अंशांवर निवतं. आज उसळणारं पाणी पाऊस म्हणून पडलं त्याला हजारो वर्षं झाली.

किंग्ज स्प्रिंग या मुख्य झऱ्याचा प्रवाह दिवसाला सुमारे ११,७०,००० लिटर आहे. भागाकार केला तर सेकंदाला साडेतेरा लिटर, म्हणजे दर सेकंदाला एक बादली. जवळच क्रॉस बाथ आणि हेटलिंग असे आणखी दोन लहान झरे आहेत. हेटलिंगचं पाणी किंग्जपेक्षा थोडं जास्त गरम, क्रॉस बाथचं थोडं कोमट.

हौदात बुडबुडे फुटताना दिसतील. पाणी उकळतंय असं वाटतं, पण ४६ अंशांना कुठलं उकळणं! पाण्यात विरघळलेला वायू, मुख्यतः नायट्रोजन, वर येताना दाब कमी झाला की सुटतो. पाण्यात ४३ खनिजं मोजली गेली आहेत. सगळ्यात जास्त कॅल्शियम आणि सल्फेट. लोह त्या मानाने अगदी थोडं. पण दगडांवर जो नारिंगी थर चढलेला दिसतो तो त्या थोड्या लोहाचाच. जमिनीखाली हवा नसते म्हणून लोह विरघळलेलं राहतं, बाहेर हवा लागली की गंजतं आणि दगडाला चिकटतं.

मूळ प्रश्नात वज्रेश्वरीचा उल्लेख आलाय म्हणून सांगतो. कोकणातले झरेही याच जातीचे: पावसाचं पाणी भेगांतून खोल जाऊन तापलेलं. पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीला समांतर अशी त्यांची माळच आहे. उन्हवरे, उन्हेरे, राजापूरजवळचं उन्हाळे, तिकडे खानदेशात उनपदेव, या नावांतलं ऊन हे ऊन पाण्याचंच. फरक खडकाचा: आपल्याकडे वर बेसॉल्ट, तिकडे खाली चुनखडक आणि वर मातीचे जाड थर. झरा तो मातीचा थर फोडून वर येतो, म्हणूनच तिथे ती दलदल होती.

औषधी गुणांच्या दाव्यांपैकी एकामागचं कारण नीट कळतं. १८ व्या शतकात इथल्या खनिज-जल रुग्णालयात, जे १७४२ मध्ये रुग्णांसाठी उघडलं, लकव्याचे रुग्ण मोठ्या संख्येने येत. रंगारी, नळ जोडणारे अशांना शिशाच्या विषबाधेने हात लुळे पडण्याचा त्रास व्हायचा. गळ्यापर्यंत कोमट पाण्यात दीर्घकाळ बसलं की पाण्याच्या दाबाने हातापायातलं रक्त छातीकडे सरकतं, मूत्रपिंड जास्त लघवी तयार करतात आणि तिच्याबरोबर शिसंही बाहेर पडतं. शिवाय तेवढे महिने माणूस त्या कामापासून लांब राहायचा. इथे गुण आला तो खनिजांपेक्षा बुडून बसण्याचा.

सांडवा

आता झऱ्याभोवतीचा हौद, ग्रेट बाथला पाणी पुरवणारा. माझ्या मते त्या सगळ्या वास्तूतली हीच सर्वात मोठी करामत आहे, आणि ती दिसत नाही म्हणून तिच्याबद्दल कमी बोललं जातं.

झरा एका तोंडातून येत नव्हता, गाळाच्या थरातून फवारल्यासारखा इथे-तिथे उसळत होता. अशा जागी आधी पाण्याला वाट करून द्यावी लागते. गटार खोलवर नेऊन नदीकडे सोडलं की भोवतालची पातळी खाली जाते आणि काठाची माती काम करण्याइतकी घट्ट होते. मग झऱ्याभोवती ओक लाकडाचे खुंट ठोकले. लाकूड कुजलं कसं नाही? कायम पाण्याखाली राहिलं आणि हवा लागली नाही, तर ओक हजारो वर्षं टिकतो. कुजतो तो कधी ओला कधी सुका होणाऱ्या जागी. खुंटांनी चिखल आवळून धरला, त्यावर मोठ्या चिऱ्यांची भिंत आली. हौदाचा आकार चौरस किंवा गोल नाही, वेडावाकडा बहुकोनी आहे, कारण त्यांनी झऱ्याला आकारात बसवलं नाही, झरा जिथवर उसळत होता तिथवर भिंत फिरवली. आतून शिशाचे पत्रे. रोमन गवंडी पाण्याच्या कामात चुन्यात कुटलेल्या विटा-कौलांची भुकटी घालायचे, आपल्याकडच्या सुरखीसारखीच, म्हणजे चुना पाण्याखालीही घट्ट होतो.

हौदाचं काम नुसतं साठवण्याचं नव्हतं. झरा पाण्याबरोबर वाळू वर आणतो. ती सरळ नळात गेली तर नळ तुंबणार. भोवती भिंत घालून पाणी उंच साठवलं की उसळी शांत होते आणि वाळू खाली बसते. वरच्या अंगाला घेतलेल्या तोंडातून स्वच्छ पाणी शिशाच्या नळाने ग्रेट बाथकडे, जास्तीचं पाणी सांडव्यातून मोठ्या गटारात, आणि तळाशी एक दार: ते उघडलं की साचलेली वाळू जोराने वाहून जाते. गाळ काढायची ती सोय. उतार असा: हौद सगळ्यात उंच, मग ग्रेट बाथ, मग गटार, मग एव्हन नदी. पाणी स्वतःच्या वजनाने चालतं, म्हणून पंपाची गरजच पडली नाही.

ग्रेट बाथ १.६ मीटर खोल आहे, चारही बाजूंनी पायऱ्या, आणि तळाला शिशाचे ४५ पत्रे. आजही बहुतेक ते जागेवर आहेत आणि पाणी धरून आहेत. शिसं निवडण्याची कारणं दोन: ते मेंडिपच्या खाणींत जवळच मिळत होतं, आणि मऊ असल्याने खालची जमीन थोडी बसली तरी तडकत नाही, वाकतं. ताठ गिलावा असता तर पहिल्याच खचण्याला भेग गेली असती.

एक गैरसमज दूर करतो. ग्रेट बाथखाली भट्टी नाही. झऱ्याच्या पाण्यालाच ऊब असताना भट्टी कशाला? भट्ट्या होत्या त्या पूर्व-पश्चिमेच्या दालनांना, जिथे घाम काढण्यासाठी याहून जास्त उष्ण हवा हवी. तिथे विटांचे बुटके खुंट रांगेत रचून त्यावर फरशी उचलली होती. खालून भट्टीची गरम हवा फिरायची आणि भिंतीत बसवलेल्या पोकळ विटांतून वर चढायची. पश्चिमेच्या दालनात वरची फरशी गेली आहे आणि खुंट उघडे पडलेत, त्यामुळे रचना एका नजरेत कळते.

बिघाड कुठून सुरू झाला? गटारापासून. नदीचं पाणी चढलं की ते गटारातून उलटं येतं. खालच्या पोकळीत गाळ शिरला की हवा फिरत नाही आणि भट्टी निकामी. जोवर वर्षाच्या वर्षाला उपसणारे हात होते तोवर चाललं. पाचव्या शतकात रोमन राजवट गेल्यावर हे काम थांबलं, गाळ साठला, आणि दुसऱ्या शतकात झऱ्याच्या हौदावर बांधलेलं कमानी छत पुढे हौदातच कोसळलं.

त्या हौदाने मात्र जे टाकलं ते सांभाळून ठेवलं. १२,००० पेक्षा जास्त रोमन नाणी आणि शिशा-कथलाच्या पातळ पत्र्यांवर कोरलेले सुमारे १३० शाप त्यात मिळाले. माझे हातमोजे चोरले, माझा अंगरखा नेला, चोराला देवीने असं असं करावं, अशी अगदी व्यवहारातली गाऱ्हाणी. लिहायचं, गुंडाळी करायची आणि झऱ्यात टाकायची.

पायवाट

तिघांचेही मनापासून आभार, आता चित्र डोळ्यांसमोर येतंय. दोन गोष्टी अजून विचारतो. इतकं स्वच्छ खनिजयुक्त पाणी, मग ग्रेट बाथ इतका गर्द हिरवा का? आणि आता तिथे उतरू देत नाहीत ते जुन्या वास्तूच्या काळजीपोटी, की पाणीच खराब आहे? शिवाय पंप रूममध्ये तेच पाणी प्यायला देतात असं वाचलं, ते कसं काय?

काचपट्टी

हिरवा रंग शेवाळाचा. रोमन काळात वर छप्पर होतं, ऊन पाण्यापर्यंत पोचत नसे, त्यामुळे शेवाळ वाढत नव्हतं आणि तळ दिसत असणार. व्हिक्टोरियन मंडळींनी भोवती खांब आणि गच्ची बांधली पण मध्यावर छप्पर घातलं नाही. उघडं आकाश, कोमट पाणी, विरघळलेली खनिजं: शेवाळाला आणखी काय हवं? अधूनमधून हौद रिकामा करून धुतात, काही दिवसांत रंग परत येतो.

उतरू न देण्याचं कारण वेगळं आहे आणि गंभीर आहे. १९७८ मध्ये इथल्या झऱ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या तलावात पोहलेली एक मुलगी मेंदूच्या संसर्गाने दगावली. कारण निघालं नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा. हा गोड्या, गरम पाण्यात वाढतो, ४५-४६ अंशांपर्यंत तग धरतो. नाकात पाणी जोराने गेलं तर वासाच्या नसेवाटे तो मेंदूपर्यंत पोचतो. असा संसर्ग फार क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक वेळा माणूस वाचत नाही. त्यानंतर झऱ्याच्या पाण्यात सार्वजनिक स्नान बंद झालं.

इथे एक बारकावा समजून घ्या. चार किलोमीटर खोलून येणारं पाणी मुळात दूषित नाही. अमीबा राहतो वरच्या भागात, हौदाच्या गाळात आणि भिंतींवरच्या बुळबुळीत थरात. म्हणून उपाय काढला तो असा: हौदाला बगल देऊन तिरकं कूपनलिकेचं भोक खोल खडकापर्यंत घ्यायचं, त्यात बंद नळ बसवायचा, म्हणजे पाणी गाळाला न शिवता थेट वर येतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी कूपनलिका घेतल्यावर पंप रूममध्ये पुन्हा पाणी पाजणं सुरू झालं. तेव्हा तुम्ही पिता ते पाणी ग्रेट बाथचं नसतं. ग्रेट बाथच्या पाण्यात हातसुद्धा घालू नका, तशा पाट्या लावलेल्या आहेत.

पण कूपनलिका घेणं हे दुधारी काम आहे. तिन्ही झरे खाली एकाच दाबावर चालतात. एक भोक जादा पडलं तर तिथून पाणी सुटेल आणि झऱ्याचा जोर उतरेल. १८१० मध्ये झरा आटल्यासारखा झाला होता, तेव्हा विल्यम स्मिथ या भूशास्त्रज्ञाने तळापर्यंत खणून बघितलं: पाणी आटलं नव्हतं, दुसऱ्या वाटेने निसटत होतं. त्याने ती वाट बंद करून पाणी मूळ जागी आणलं. ही भीती आजही खरी आहे. म्हणून १९८२ च्या काउंटी ऑफ एव्हन कायद्याने शहरात ठरावीक खोलीपेक्षा खाली खणायला पालिकेची परवानगी लागते. तळघर खणायचं असो की जमिनीची उष्णता वापरण्यासाठी भोक पाडायचं असो.

चुनाभट्टी

घडीव_दगड यांच्या प्रतिसादात पंप रूम एका वाक्यात उरकली गेली, तिच्यावर थोडा अन्याय झाला. पहिली पंप रूम १७०६ ची. गर्दीला ती अपुरी पडू लागली म्हणून थॉमस बाल्डविन या वास्तुकाराने १७८९ मध्ये नवीन इमारत सुरू केली. पण त्याला काम मध्येच सोडावं लागलं आणि जॉन पामरने ते १७९९ मध्ये पुरं केलं. दर्शनी भागावर ग्रीक अक्षरांत पिंडार कवीचे शब्द कोरलेत: आरिस्टॉन मेन ह्युडोर, पाणी सर्वांत श्रेष्ठ. आत थॉमस टॉम्पियन या घड्याळ बनवणाऱ्याने १७०९ मध्ये दिलेलं उंच घड्याळ आहे. आधीच्या इमारतीतून ते इकडे आलं. इमारतीचा कणा म्हणजे खिडकीतला कट्टा, जिथून पाणी पेल्यात भरून मिळतं आणि खाली किंग्ज बाथ दिसतो.

त्या खिडकीतून किंग्ज बाथच्या भिंतीकडे बघा. पाण्याच्या बऱ्याच वर एक नारिंगी पट्टा भिंतीभर फिरलेला दिसेल. १९७९ पर्यंत पाणी तिथपर्यंत असायचं. त्या वर्षी पुरातत्त्वज्ञ बॅरी कन्लिफ यांच्या देखरेखीखाली उत्खनन करताना वरचा नंतरचा तळ काढून टाकला, पाणी रोमन पातळीला उतरलं, आणि डाग तेवढा मागे राहिला. भिंतीत ब्राँझच्या कड्याही आहेत. गुण आलेल्यांनी १७ व्या शतकापासून त्या भेट दिल्या, पुढच्यांना धरून उभं राहता यावं म्हणून. काहींवर देणाऱ्याचं नाव वाचता येतं.

आता दगड. अख्खं शहर ज्या मधाच्या रंगाच्या दगडाचं आहे तो बाथ स्टोन म्हणजे दाणेदार चुनखडक. तुटलेल्या कडेला जवळून बघा, खसखशीसारखे बारीक गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतील. खाणीतून ताजा काढलेला दगड ओलसर आणि मऊ असतो, करवतीने कापता येतो, कुठल्याही दिशेला घडवता येतो. वाळला की वरचा थर कडक होतो. पण एक पथ्य आहे: खाणीत तो ज्या बाजूने आडवा निजलेला होता, भिंतीतही तसाच आडवा बसवायचा. उभा करून बसवला तर पाणी आणि थंडीने थर सुटतात, पापुद्र्यासारखी दर्शनी बाजू गळून पडते. शहरात फिरताना एखाद्याच दगडाचं तोंड झडलेलं आणि शेजारचे धडधाकट दिसले, तर बहुतेक वेळा कारण हेच.

दुसरा शत्रू कोळशाचा धूर. धुरातलं गंधकाम्ल चुनखडकाशी मिळून जिप्सम तयार होतं, त्यात काजळी अडकते आणि काळी खपली धरते. जिथे पावसाचं पाणी लागतं तिथे ती धुऊन जाते, वळचणीखाली साठते. म्हणून कंगोऱ्यांखाली काळं आणि उघड्या भागावर उजळ अशी नक्षी दिसते. ती काढताना घाई केली, वाळूचा मारा केला, तर कडक थरच निघून जातो आणि आतला मऊ दगड उघडा पडतो. पाण्याचा बारीक फवारा देऊन खपली फुगवायची आणि मऊ ब्रशने काढायची, कोरीव कामावर चुन्याचा लेप देऊन सोडवायची, ही खरी रीत. दगडांमधले सांधे भरायलाही चुनाच. सिमेंट भरलं तर सांधा दगडापेक्षा कडक होतो, भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, तो दगडातून पडतो आणि दगड झिजतो. सांधे उभारलेले आणि दगड आत गेलेला अशी भिंत दिसली, की तिथे कोणीतरी सिमेंट वापरलं आहे असं समजा.

सांडवा

चुनाभट्टी, सिमेंटबद्दल शंभर टक्के सहमत. आपल्याकडच्या वाड्यांना आणि बारवांनाही हीच दुखणी लागली आहेत.

एक भर घालतो. ते रोमन गटार आजही चालू आहे, हौदाचं जादा पाणी त्यातूनच नदीला जातं. इतकी ऊब रोज नदीत वाया जात होती. आता त्या गटारात उष्णता काढून घेणारी यंत्रणा बसवून शेजारच्या बाथ ॲबीची जमीन उबदार ठेवली जाते. पाणी तिकडे जात नाही, फक्त उष्णता जाते. पहिल्या शतकातल्या उताराचा हा २१ व्या शतकातला उपयोग बघून मन भरून येतं.

पायवाट

अमीबाचं वाचून हात खिशात ठेवायचं ठरवलं आहे. पण त्या पाण्यात कुठेच उतरता येत नाही का? आणि दिवस कसा लावावा?

घडीव_दगड

उतरता येतं, पण नवीन इमारतीत. थर्मे बाथ स्पा, निकोलस ग्रिमशॉ यांच्या कार्यालयाचा आराखडा: काचेच्या कवचात बसवलेला बाथ स्टोनचा ठोकळा, वर गच्चीवर तलाव. पाणी कूपनलिकांचं, गाळून, शुद्ध करून, साधारण ३३-३४ अंशांवर आणलेलं. तलावाचा रंग सोलून निघायला लागल्यामुळे आणि पुढच्या वादांमुळे काम रखडलं. जे उद्घाटन काही वर्षं आधी व्हायचं ते २००६ मध्ये झालं आणि १.३ कोटी पौंडांचा अंदाज ४.५ कोटींवर गेला. गरम, खनिजयुक्त पाण्याच्या सतत वाफेत कुठलाही लेप टिकवणं किती अवघड, हे लाकडी छपराच्या वेळी रोमनांना जे कळलं तेच इथेही दिसलं. १६ वर्षांखालच्या मुलांना मुख्य इमारतीत प्रवेश नाही, कुटुंब बरोबर असेल तर हे लक्षात ठेवा.

दिवस असा लावा. सकाळी दार उघडतानाच स्नानगृहात जा, तिकीट आधी काढून ठेवा. गच्चीवर फार वेळ घालवू नका, ते व्हिक्टोरियन काम शेवटी निवांत बघता येतं. थेट खाली उतरा: देवळाचा माथा, मिनर्व्हाचं मस्तक, शापांचे पत्रे, मग सांडव्याची कमान. तिथे कठड्याशी पाच मिनिटं थांबाच. कमानीतून वाफाळतं पाणी नारिंगी दगडावरून उतरतं, चष्म्यावर बाष्प धरतं, आणि पाण्याचा आवाज त्या बंद जागेत घुमतो. मग ग्रेट बाथ, तिथे आधी छताचा तुकडा, नंतर तळखडे. पश्चिमेची दालनं शेवटी, कारण तिथे गर्दी सगळ्यात कमी असते. बाहेर पडण्याआधी पाणी चाखा. कोमट असतं, जिभेवर आधी लोखंड लागतं आणि मागाहून किंचित खारट. एका दमात अर्धा पेला घ्या, घोट घोट घेतलंत तर संपणार नाही.

दुपारी शहरातल्या भिंती बघत फिरा, आणि अंधार पडताना थर्मेच्या गच्चीवरच्या तलावात उतरा. हवा थंड असली की पाण्यावर वाफ धरते, आणि तिच्यामागे ॲबीचा मनोरा दिसतो.